पान चार

टाळ्या वाजत होत्या आणि त्यांच्या खाली कुणीतरी "नाही" म्हणालं. एकदाच. टाळ्या मीच सुरू करून दिल्या होत्या. टायमर वाजला तशी मी माइकमध्ये म्हणाले, "थँक यू, एमेट. परिषदेला तुझा अभिमान आहे," आणि सकाळपासून आकडे ऐकत बसलेल्या चाळीस माणसांना काहीतरी चांगलं करायची संधी मिळाली. हॉटेलच्या त्या हॉलला जाड गालिचा आहे, तिथे आवाज पडल्या पडल्या मरतो, तरी टाळ्या चांगल्या खणखणीत झाल्या. त्यातून ते "नाही" माझ्यापर्यंत आलं. मला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे कान तयार आहेत. लोक त्याला देणगी म्हणतात. देणगी वगैरे काही नसते, दुसरा इलाज नसतो इतकंच. माझ्या उजवीकडे उपाध्यक्ष मार्व अजून टाळ्या वाजवत होता, डावीकडे ग्लेनिसने टायमर पुन्हा शून्यावर आणला, आणि मी म्हणाले, "पुढचा विषय." ऐकू आल्यावर म्हणाले. आधी नव्हे.

आमची परिषद वर्षातून चारदा भरते. अपंग माणसांना नोकऱ्या मिळवून देणारं राज्याचं जे खातं आहे त्याला सल्ला देणं हे आमचं काम. आम्ही पंधरा जण, गव्हर्नरने नेमलेले, मी अध्यक्ष, निम्म्याहून जास्त स्वतः अपंग. टेबलाखाली एकाचा वाटाड्या कुत्रा घोरत असतो, कोपऱ्यात दोघी जणी हातांनी बोलत असतात, मागे एक बाई आमचा शब्दन् शब्द टाइप करून पडद्यावर टाकत असते. बोलण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं, म्हणजे माझ्यासारखीला कोण बोलतंय ते कळतं. नाव न सांगता बोललेलं डोरीन ऐकतच नाही, असं माझ्याबद्दल म्हणतात आणि ते खरं आहे. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र तीनच मिनिटं. हा नियम माझा. मी नवीन होते तेव्हा असा नियम नव्हता, आणि वकील, डॉक्टर, रडवेल्या आया वीस वीस मिनिटं बोलायच्या. ज्यांच्याबद्दल ते सगळं चाललेलं असायचं ती माणसं शेजारी गप्प बसून असायची. मी भांडून नियम करून घेतला. सगळ्यांना सारखी तीन मिनिटं, मग तो कुणी का असेना. न्याय याहून वेगळा काय असतो, असं मला सहा वर्षं वाटत आलं होतं.

एमेट ब्रूकरला नुसतं "मी एमेट ब्रूकर, कॉटनबेंडचा" एवढं म्हणायलाच पाऊण मिनिट लागलं. त्याच्या जिभेचे आणि ओठांचे स्नायू त्याचं ऐकत नाहीत. एकेक अक्षर ओढून आणावं लागतं, मध्येच श्वास संपतो, मग पुन्हा. पण नाव ऐकताच मी त्याला ओळखलं. म्हणजे माझ्या बोटांनी ओळखलं. परिषदेच्या वार्षिक अहवालाचा ब्रेलमधला मसुदा माझ्यापुढेच होता, आणि त्यात पान चारवर हाच एमेट होता. मथळा ग्लेनिसचा, 'एमेटची भरारी'. बत्तीस वर्षांचा तरुण, शेतीसामानाच्या दुकानात लेबलं लावतो, मालक खूश, आई खूश. दरवर्षी अशी एक गोष्ट असते, आणि गोष्टीतली माणसं कधी कधी आभार मानायला येतात. म्हणून "पान चार मी वाचलं" म्हणता म्हणता त्याचं पहिलं मिनिट संपलं तेव्हा सगळे खुर्चीत मागे रेलले. "आईने ते फ्रिजवर लावलंय" असं त्याने सांगितल्यावर प्रेमाने हसले. नंतर तो म्हणाला, "मला तुम्हाला सांगायचंय की", आणि तिथे टायमर वाजला.

यानंतर खात्याच्या संचालकांनी बोलायला सुरुवात केली. या वर्षी इतक्या केसेस सफल, गेल्या वर्षीपेक्षा इतक्या टक्क्यांनी जास्त. माणूस नोकरीला लागून नव्वद दिवस टिकला की त्याची केस बंद होते आणि कागदावर 'सफल' असं लिहिलं जातं, हे आमच्यात सगळ्यांना इतकं पाठ आहे की आता तो शब्द ऐकूच येत नाही. मी मान डोलवत होते. संचालकांच्या आवाजाच्या मागे, हॉलच्या दाराशी, एका वॉकरचे रबरी पाय गालिच्यावरून ओढले जात होते. दोन पावलं, थांबा, दोन पावलं, थांबा. कुणीतरी दार धरून ठेवलं असावं, कारण ते बराच वेळ उघडं राहिलं आणि लॉबीतली थंडी माझ्या घोट्यांपर्यंत आली. ती थंडी ओळखीची होती. का, ते लगेच कळेना. मी मसुदा उघडून पान चार पुन्हा वाचायला घेतलं आणि 'भरारी'पाशी बोट थांबलं. मग आठवलं. डार्करूमचं दार उघडलं की अशीच थंडी पायांकडून आत यायची.

मी सव्वीस वर्षांची होते. एका हॉस्पिटलात क्ष-किरणांच्या फिल्म धुवायचं काम मला खात्यातल्या माझ्या समुपदेशक मिसेस ओडेल यांनी मिळवून दिलं होतं. संपूर्ण काळोखात करायचं काम. तिथे सगळेच माझ्यासारखे, उलट मीच थोडी वरचढ. फिल्म कडेने धरायची, चौकटीत अडकवायची, पहिल्या टाकीत बुडवायची, घड्याळाचे काटे चाचपायचे, मग दुसरी टाकी, मग पाणी. औषधाचा आंबूस वास केसांत राहायचा, आणि आई म्हणायची, लोणच्याच्या बरणीतून आल्यासारखी येतेस. मला त्या वासाचा अभिमान होता. कामाचा वास होता तो. तेव्हा नव्वद नव्हे, साठ दिवस लागायचे. साठाव्या दिवशी मिसेस ओडेल केक घेऊन आल्या, फोटोग्राफर आला, मला टाकीशी उभं केलं, आणि खात्याच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत पान सहावर मी छापून आले. 'अंधारातली उजेडवाट.' मथळे लिहिणाऱ्या बायका बदलल्या, मथळे तेच आहेत. एकाहत्तराव्या दिवशी हॉस्पिटलात नवं मशीन आलं. एका बाजूने फिल्म घाला, दुसऱ्या बाजूने कोरडी होऊन बाहेर, तीही लख्ख उजेडात. सुपरवायझर म्हणाला, "डोरीन, यात तुझा काही दोष नाही हं." मी माझा रबरी एप्रन घडी करून घरी आणला. घरी टेबलावर खात्याचं पत्र येऊन पडलेलं होतं, आईने वाचून दाखवलं, केस बंद, सफल.

फोन करायला हवा होता. सरळ साधी गोष्ट होती, फोन उचलायचा आणि म्हणायचं, मिसेस ओडेल, काम गेलं. पण मला लाज वाटली. ज्या बाईने माझ्यासाठी चौदा ठिकाणी पायपीट केली, तिच्या पुस्तिकेतलं पान मी फाडतेय असं वाटलं. वसंतात खात्याचा स्नेहभोजनाचा कार्यक्रम झाला, मला व्यासपीठावर बोलावलं. मी निळा झगा घातला होता, निळा आहे असं आई म्हणाली. मिसेस ओडेलनी माझा दंड धरून विचारलं, "काम कसं चाललंय गं?" आणि मी म्हणाले, "छान." मग दोन मिनिटं आभाराचं बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर चौदा महिने मी घरी बसून होते. पुढे माझी मीच एका बियाणं कंपनीत फोनवर ऑर्डर घ्यायच्या कामाला लागले आणि सत्तावीस वर्षं टिकले, तेव्हा शेवटी सगळं खरंच झालं म्हणायला हरकत नाही. असं मी स्वतःला अनेकदा म्हटलंय. परिषदेवर माझं नाव सुचवलं गेलं ते त्या रात्रीच्या भाषणावरून. मिसेस ओडेल वारल्या. मी त्यांना सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही, आणि सगळीकडे माझी ओळख करून देतात ती 'आपल्याच खात्याने घडवलेली डोरीन हॅल्वर्सन' अशी.

जेवणाची सुट्टी झाली. खोके वाटले गेले, टर्कीचं सँडविच, चिप्स, सफरचंद, दर वेळचंच. ग्लेनिस घरून भोपळ्याच्या वड्या करून आणते, तिने एक माझ्या हातात ठेवली. ग्लेनिस खात्यात नोकरीला, आमच्या परिषदेचं सगळं तीच बघते, टायमरपासून अहवालापर्यंत. आमची वीस वर्षांची मैत्री आहे.

"ग्लेनिस, तो एमेट काय सांगत होता?"

तिने खोक्याचं झाकण उघडून मिटलं. "त्याचं काम गेलं," ती हळू म्हणाली. "त्र्याण्णवाव्या दिवशी. मला त्याच्या आईचा फोन आला होता, सोमवारी."

"तुला माहीत होतं?"

"डोरीन, ऐक. अहवाल सप्टेंबरअखेरचा आहे. सप्टेंबरअखेर तो कामावर होता. नव्वद दिवस पुरे झाले, केस बंद झाली. त्यात खोटं एक अक्षर नाहीये. आज मंजूर झालं नाही तर छापायला जाणार कधी आणि गव्हर्नरकडे पोचणार कधी? आणि पान चार काढलं तर मी तिथे घालू काय?"

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू हेच केलं असतंस जे आत्ता करतेयस," ग्लेनिस म्हणाली. "तुझी वडी हातात चुरलीये बघ."

मी काठी उलगडली आणि लॉबीत गेले. दारातून आलेल्या लोकांच्या बुटांना लागून आलेलं मीठ, रस्त्यावरचं बर्फ वितळवायला टाकतात ते, फरशीवर करकरत होतं. बाहेर बर्फ पडून गेलं असणार. वॉकरच्या धातूचा किणकिणाट खिडकीशी ऐकू आला तिकडे गेले आणि पद्धतीप्रमाणे म्हणाले, "मी डोरीन हॅल्वर्सन."

"माहीत आहे," तो म्हणाला. हे दोन शब्दसुद्धा भराभर आले नाहीत. यापुढे त्याचं बोलणं मी सलग लिहितेय, पण ते तसं नव्हतं. प्रत्येक वाक्याला लॉबीतली लिफ्ट एकदा वर जाऊन खाली यायची.

"एमेट, मला तुझं उरलेलं ऐकायचंय."

"माझी कोच," तो म्हणाला, "रोज यायची. मला लेबलांचं मशीन धरायला ती..."

"मदत करायची," मी म्हणाले.

तो थांबला. मोठा श्वास घेतला. "माझी कोच," त्याने पहिल्यापासून सुरू केलं, "रोज यायची. मला लेबलांचं मशीन धरायला तिने एक पट्टा शिवून दिला होता." त्याचं वाक्य कुणी पुरं केलं की तो ते खोडून पुन्हा पहिल्यापासून सांगतो, हे मला तेव्हा कळलं. माझी बरोबर जिरली. लहानपणापासून हॉटेलात वेटर माझ्या आईला विचारायचे, हिला साखर चालेल का, आणि मी टेबलाखाली मुठी आवळायचे. आणि आता मीच कुणाच्या तोंडातला शब्द काढून घेत होते, तोही चुकीचा.

त्याने सांगितलं ते एवढंच. नव्वद दिवस झाल्यावर केस बंद झाली आणि खात्याने कामावर शिकवायला दिलेली ती कोच यायची थांबली. एक्याण्णवाव्या दिवशी पट्टा तुटला. मालक वाईट नव्हता, दोन दिवस थांबला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, एमेट, तुला घरी सोडतो. "पानाला सही मी केली," एमेट म्हणाला. "तेव्हा ते खरं होतं. आता आई रोज ते वाचते. फ्रिज उघडायच्या आधी. ते पान काढा."

"मी सांगते त्यांना. आत्ता, जेवण झालं की."

"नाही."

तेच 'नाही'. या वेळी टाळ्या नव्हत्या.

"मी सांगणार," तो म्हणाला.

मी म्हणाले, बोलायची वेळ सकाळची होती, ती संपली. मग माझंच मला ते कसं ऐकू आलं ते सांगायला नको. मी विचारलं, "तुझी गाडी कितीला आहे?" काउंटीची अपंगांसाठीची गाडी आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवावी लागते, ती दारात पाच मिनिटं थांबते आणि निघून जाते. तीनदा चुकवली की महिनाभर नाव काढून टाकतात. आमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्या गाडीच्या मागे शिव्या घातल्या आहेत.

"एक वाजून दहा मिनिटं," तो म्हणाला. "दोनदा चुकलीय."

"मग महिनाभर घरात अडकशील."

"कामाला कुठे जायचंय," एमेट म्हणाला, आणि हसला. त्याचं हसणं मात्र एका दमात आलं, कुठेही न अडखळता.

एक वाजता मी हातोडी आपटली आणि म्हणाले, "मी डोरीन हॅल्वर्सन. अहवाल मंजुरीला घेण्याआधी सकाळचं एक निवेदन अपुरं राहिलंय ते पुरं होईल. ग्लेनिस, टायमर बंद ठेव." ग्लेनिसने टायमर बंद केला नाही, उचलून पर्समध्ये टाकला. चेनचा आवाज झाला. मार्व कानाशी आला. मार्वचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, धंदेवाल्यांच्या बाजूने तो आमच्यात बसतो, आणि त्याच्याइतका भला माणूस त्या टेबलाभोवती दुसरा नाही. "डोरीन, एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागेल," तो कुजबुजला. मी म्हणाले, "देऊ. आणि मार्व, तू कॉटनबेंडवरूनच जातोस ना घरी? त्याला घेऊन जा."

एमेटने नावापासून सुरुवात केली. अकरा मिनिटं लागली. खुर्च्या करकरल्या, कुणी खोकलं, टाइप करणाऱ्या बाईची बोटं थबकायची आणि पुन्हा चालू व्हायची. दोनदा कुणीतरी चांगल्या मनाने त्याचं वाक्य पुरं केलं, दोनदा तो पहिल्यापासून सुरू झाला, आणि त्यानंतर कुणी धजलं नाही. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. एकदा, मग जरा वेळाने पुन्हा एकदा. एमेट बोलत राहिला. भोंगा वाजायचा थांबला, एमेटचा आवाज मात्र होता तसाच चालत राहिला. शेवटी तो म्हणाला, "पान चार काढा. मी कामाला लागलो हे खरं आहे. भरारी नाही." आणि थांबला. या वेळी टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणालाच कळेना, त्यामुळे कुणी वाजवल्या नाहीत. कुत्रा तेवढा जागा होऊन अंग झाडून पुन्हा बसला.

"मी मार्व," मार्वचा आवाज घोगरा झाला होता. "पान काढू या. माझी तशी सूचना आहे." सगळ्यांची नावं एकेक करून पुकारली गेली आणि एकेक होकार आला. मला वाटलं, झालं. इतकं सोपं असतं तर सकाळीच झालं असतं, असं वाटून मी थोडी सैल झाले. एमेटला जे हवं होतं ते मिळालं होतं.

"मग पान चारवर घालायचं काय?" कुणीतरी नाव न सांगता विचारलं.

"मी मार्व. अहो, इथेच आहे की," मार्व म्हणाला, आणि त्याचा जड हात माझ्या खांद्यावर पडला. "आपल्या अध्यक्षांचीच गोष्ट घाला. एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीतून अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत. तीस वर्षं टिकलेली गोष्ट. हिच्यात कोण काय चूक काढणार?"

"मी ग्लेनिस. जुना फोटो आहे खात्यात," ग्लेनिस म्हणाली. तिच्या आवाजात सुटकेचा आनंद होता आणि तो अगदी खरा होता. "टाकीजवळचा. मी आजच काढते."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. सकाळपेक्षा जोरात, कारण मधली अकरा मिनिटं त्यांच्याही हातांत साचली होती. मला तो आंबूस वास आला, खरोखर आला, औषधाचा, ओल्या रबराचा. मार्वचा हात खांद्यावर थोपटत होता. माझ्यासमोर माइक होता आणि मला फक्त "थँक यू" म्हणायचं होतं, किंवा काहीच म्हणायचं नव्हतं. मिसेस ओडेलनी दंड धरला होता त्याच जागी माझा दंड गार पडला.

"नाही," मी म्हणाले.

माइक बंद असावा. टाळ्या चालूच होत्या. मी पुन्हा म्हणाले, आणि मार्वला ते ऐकू आलं असणार, कारण त्याचा हात थांबला. हळूहळू सगळे थांबले. हॉलच्या मागच्या बाजूला वॉकर एकदा किणकिणला. तो अजून तिथेच होता.

"मी डोरीन हॅल्वर्सन," मी म्हणाले. "ती पुस्तिका, पान सहा. ते पान छापून आलं तेव्हा मी..." माझा आवाज बसला. सहा वर्षं ह्या माइकसमोर कधी बसला नव्हता. पुढचा शब्द येईना. शब्द माहीत होता, बोटाखाली उमटल्यासारखा माहीत होता, पण तोंडापर्यंत येईना. कुणी टाइप करत नव्हतं.

"तेव्हा तू किती लहान होतीस," मार्व मायेने म्हणाला. "संकोच वाटतोय तिला."

मागून, दाराजवळून, एमेटचा आवाज आला. एकेक अक्षर ओढत, सावकाश.

"वेळ घ्या," तो म्हणाला.

मी श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं. मी डोरीन हॅल्वर्सन.